तांब्याचा अपवाद

नागपूरचा एप्रिल, सक्करदरा, दुपारचे सव्वादोन.
कूलरचं पाणी संपलंय, नुसता घरघरतो.
फळ्यावर मी चौकोन काढते, चौकोनांत बाण :
आधी प्रत्येक खोलीत एकेकटा,
मग नाइलाज झाला की जोडीनं,
एकाचं तोंड वर, दुसऱ्याचं खाली.

चोविसाव्याला अडखळलं होतं,
पण क्रोमियमला विचारतो कोण?
एकोणतिसाव्याला नियम सांगतो दोन आणि नऊ,
तांबं भरतं एक आणि दहा.

"काऊन जी मॅडम?"
मागच्या बाकावरून प्रज्योत बोरकुटे.
बाप कूलरच्या मोटरी भरतो,
ह्याच्याही नखांत वार्निश.

मी पुस्तकातलं सांगते : स्थैर्य, पूर्ण भरलेलं उपकवच.
तो वहीत उतरवत नाही.
"म्हणजे बाहेर एकटाच राह्यला तो.
तरीच करंट जाते त्याच्यातून."

पोरं हसतात. मी खडू खाली ठेवते.
अर्धं बरोबर आहे, अर्धं नाही,
धातूचं गणित ह्याहून गुंतलेलं,
पुढच्या वर्षी शिकवेल कोणी.

तास सुटल्यावर तो बादली भरून आणतो,
बटण बंद करतो, मागची जाळी काढतो,
मोटरवर पालथा हात टेकवतो :
"तापली हाय मॅडम. जळली नाही."