नको ते खोडा

तीन छेद आहेत माझ्याकडं नदीचे, बास.
एक सत्त्याऐंशीचा, ट्रेसिंग कागदावर, कोपरा वाळवीनं खाल्लेला.
एक दोन हजार सहाचा, महापुरानंतरच्या उन्हाळ्यातला.
आणि एक काल मी घेतला भुयेच्या वळणावर,
होडीतून,
दोरी ओली, वल्हं भोयांच्या सुनेच्या हातात.

एकावर एक ठेवले
तर पंचगंगा डावीकडं सरकलीय अकरा मीटर.
किंवा कागद सरकलाय.
कारण सत्त्याऐंशीची खूण
म्हसोबाच्या पायरीवर होती छिन्नीनं कोरलेली,
आणि पायरी दोनदा नवी झाली.
आता तिच्यावर गुलाबी फरशी आहे.

साहेबांच्या नमुन्यात एकच ओळ:
काठ स्थिर / अस्थिर. नको ते खोडा.

दरडीला हात लावला.
वर काळी माती, पुरुषभर,
खाली वाळूची पट्टी, बोट घातलं की सांडणारी.
करंज बुंध्यात वाकलेला, शेंड्यात सरळ,
म्हणजे पडता पडता त्यानं बरीच वर्षं काढलीत.
किती, ते झाडाला विचारायचं तर कापावं लागेल.

"काय मोजायलियास गं? मोजून थांबत्या व्हय नदी?"
हौसाक्का चौगुले. मळीतल्या खोपीत चहा झाला.
मग ट्रंकेतून खताच्या गोणीची पिशवी,
पिशवीत लक्ष्मीपुरीतल्या दुकानाच्या पावत्या.
काठ आत आला की इंजिन मागं घ्यायचं,
इंजिन मागं आलं की पाइप कापायचा.
चौऱ्याण्णव, दहा फूट.
दोन हजार पाच, पंधरा.
एकोणीस, बारा, शिवाय कट्टा नवा,
जुना कट्टा गेला तो गेलाच.

सदतीस फूट.
वहीच्या मागं भागाकार केला:
अकरा मीटर, वर एक वीत.

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली.
एका बाईचा पाइप म्हणजे नदी नव्हे.
गंजला म्हणूनही कापतात लोक.

"माझं माहेर पल्याड, बावड्यात," हौसाक्का म्हणाल्या,
"भावानं तिकडं पाइप जोडलाय, त्येची मळी वाढली.
दर पुराला ओवाळणी जात्या,
पर उलटी. भणीकडनं भावाकडं."
त्याच्या पावत्या?
"त्यो कसल्या ठेवतोय."

नमुना गुडघ्यावर, पेनाचं टोपण दातात.
"ते असू दे. यंदा कट्टा कुठं बांधू तेवढं सांग."
काठाला समांतर भेग होती, तळवा मावेल एवढी.
तिच्यापासून पावलं टाकली.
वीस, मी म्हटलं.
हौसाक्का पुढं चालत राहिल्या,
तिसाव्या पावलाला थांबल्या,
बाभळीची काठी रोवली, दगडानं ठोकली.

काठीवर पट्टी धरायला लावली त्यांना.
वाचन घेतलं, वहीत लिहिलं:
खूण क्रमांक एक, बाभूळ, चौगुले यांची मळी,
वेळ पावणेपाच.
वरच्या दोन शब्दांतलं
अजून काहीच खोडलेलं नाही.