जावा

मोराव्हियातल्या गावात, अक्रोडाच्या झाडाखालच्या शेडमध्ये
दोन बायका पोत्यावर मांडी घालून बसल्या आहेत.
मध्ये सत्तावन्न सालची मोटरसायकल,
जुन्या कुंकवाच्या रंगाची, टाकीला सुपारीएवढा पोचा.

बोझेना सत्तरीची, व्लास्ता दोन वर्षांनी धाकटी,
दोन सख्ख्या भावांच्या बायका.
त्यांच्या भाषेत या नात्याला निराळा शब्द नाही,
नणंद, भावजय, मेहुणी, सगळ्यांना मिळून एकच.
मी, वरच्या खोलीतला भाडेकरू, पाने पुढे करण्यापुरता,
सांगतो की माझ्या भाषेत तुम्ही जावा.
व्लास्ता टाकीवरचं नाव वाचते. म्हणते,
"म्हणजे गाडी आमची, की आम्ही गाडीच्या?"

अकरा वर्षं बोलणं नव्हतं.
अलोइसने इंजिन बांधलं, कागद ओताकारच्या नावावर.
दोघे एकाच हिवाळ्यात गेले.
चावी या घरात राहिली, कागद त्या घरात.

या गाडीची साखळी दिसत नाही.
पत्र्याच्या बंद खोळीत फिरते,
धूळ लागत नाही, पाऊस लागत नाही,
म्हणून कुणी बघायलाही जात नाही.
खोळ उघडल्यावर काळा चिखल, लोखंडाचा वास
आणि गोगलगायीचं एक रिकामं घर.

बोझेना मागच्या चक्रावरून साखळी चिमटीत ओढते,
अर्धा दात उघडा पडतो.
एका बाजूने खाल्लेले सगळे,
मांजराच्या नखांसारखे वाकलेले.
"नुसती साखळी बदलू," व्लास्ता म्हणते.
"जुने दात नवी साखळी खातात.
बदलायचं तर तिन्ही बदलायचं."
यावर बराच वेळ कुणी बोलत नाही.
मला एक पाना सापडत नाही, मी शोधत राहतो.

पुढच्या चक्राचा नट साखळी उतरवायच्या आधीच सोडवायचा.
बोझेना ब्रेक दाबून धरते,
व्लास्ता लांब पान्यावर चढून उभी राहते, झग्यासकट,
एक हात बोझेनाच्या डोक्यावर, आधाराला.
कट्.
हात लगेच काढून घेते.

नवी चक्रं: पुढे अठरा दात, मागे शेहेचाळीस.
व्लास्ता मोजते. बोझेना परत मोजते.

नवी साखळी चुलीवर शिजते,
आलुबुखाराचा मुरंबा घोटायच्या पसरट भांड्यात,
ग्राफाइटचं ग्रीस, आच अगदी मंद.
"बुडबुडे थांबले की समजायचं, आतपर्यंत पोचलं."
बाहेरून चोपडलेलं तेल पहिल्याच वळणावर उडून जातं,
भिंतीवर, पोटऱ्यांवर, पुढच्या माणसाच्या नवीन पँटवर.
रात्रभर ती खिळ्याला टांगलेली, खाली वर्तमानपत्र,
थेंब पडतात तेव्हा वरच्या खोलीत ऐकू येतं.

सकाळी जोडकडीची क्लिप, माशाच्या आकाराची.
"मिटलेलं तोंड पुढे, उघडं मागे.
उलटी लागली तर वाटेत सुटते.
अलोइसने लावली होती एकदा."
"अलोइसने नाही, ओताकारने."
"अलोइसने. मी मागे बसले होते."
"तू?"

व्लास्ता क्लिप बसवते, पकडीने हलकेच.
बोझेना चाक फिरवते, साखळीला बोटभर ढील ठेवते.
एका ठिकाणी ती दर फेरीला किंचित ताणते,
तेवढं सोडून देतात.
मग खोळ पुन्हा बंद. झालेलं काम दिसत नाही.

मोठं जुनं चक्र व्लास्ता कागदात गुंडाळून घरी नेते.
लहान बोझेनाच्या खिडकीत, सकाळी उन्हात त्याची सावली पडते.
गाडी सुरू करायची तर चावी लागेल.
त्याचं कुणी काढलेलं नाही, मीही नाही.
माझ्या नखांतलं काळं मात्र
साबणाने, लिंबाने, कशानेच जात नाही.