मागच्या वर्षीच्या झावळ्या

मंगळवारी संध्याकाळी येसुदासकाका
नाना पेठेत दारोदार फिरतात,
खांद्याला किराणा दुकानाची पिशवी.
"जुन्या झावळ्या असतील तर द्या गं,
उद्याची राख करायचीय."

मी फोटोमागच्या तीन काढून दिल्या,
एक फ्रिजमागची, पालीच्या अंड्यासकट.
आईनं वळलेला क्रूस तेवढा ठेवून घेतला.
ससूनच्या वॉर्डात वळला होता तिनं,
बोटं सुजलेली,
म्हणून त्याचा एक हात आखूड.

"एवढ्याच?"
"एवढ्याच."

उपवास लागायच्या आदल्या रात्रीच
पहिलं खोटं बोलून झालं.

बुधवारी कपाळावर फादरांचा खरखरीत अंगठा.
माती आहेस, मातीला मिळशील.
तशीच कामावर गेले.
स्वारगेटच्या बसमध्ये शेजारची बाई
पदराचं टोक पुढे करत म्हणाली,
"ताई, कपाळाला काहीतरी लागलंय."
"हो," म्हटलं, "लागलंय."

यंदा साखर सोडली. सोपं असतं ते.
चार दिवस जीभ कुरकुरते, मग गप्प बसते.
मटणही सोडलं, महागच झालंय.
शांतवनशी अबोला
मात्र सुटला नाही.
आईच्या खोलीच्या भाड्यावरून
दोन वर्षं चाललाय.

दर शुक्रवारी क्रूसाची वाट.
तो पुरुषांच्या बाजूला गुडघे टेकतो, मी बायकांच्या,
मधे एक पंखा, मान हलवत, दोघांनाही नाही म्हणणारा.
चौथ्या ठिकाणी येशूला त्याची आई भेटते.
तिथे नेमका आम्हा दोघांनाही
खोकला येतो.

पाचव्या आठवड्यात पुतळ्यांवर जांभळी कापडं चढली.
ऊन असं की डांबराला चपला चिकटाव्यात.
क्रूस हातात घेतला तर
कडेनं भुसा गळायला लागला.
डब्यात कापूस घातला, वर तो ठेवला,
आणि रिक्षा केली घोरपडीला.

शांतवननं दार उघडलं.
डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा डब्याकडे.
बोटानं तो आखूड हात चाचपला.
"चहा ठेवतो," म्हणाला. "साखर?"
"नको. सोडलीय."
"मीपण."

तसाच प्यायलो, कडू,
थेट बशीपर्यंत.
फारसं काही बोललो नाही.
खाली कुणाचा तरी स्कूटर चालू होत नव्हता,
ते ऐकत बसलो.

डबा तिथेच राहिला.
भाड्याचं बोलायचंही.