खाते पान एकोणतीस : हरीक

वेंगुर्ल्याच्या पॉलिटेक्निकात मी मेसचा हिशेब लिहितो.
गहू, तांदूळ, तूरडाळ, सोमवारी-गुरुवारी बांगडे,
खाली दोन लाल रेघा, मग गॅसच्या टाक्या.
अठरा वर्षांत धान्याच्या रकान्यात
नवं नाव लिहिलं नव्हतं.

जुलैत मोनल गुंजाळ आली, सिव्हिल, पहिलं वर्ष.
डॉक्टरची चिठ्ठी चौघडी करून पाकिटात :
गव्हाशी हिच्या आतड्याचं वैर.
महिनाभर वरण-भात, भात-वरण.
चपात्यांच्या डब्यापुढून जाताना मान अशी वळवायची
जशी उधारी थकलेला माणूस
वाण्याच्या दारावरून.

कमिटी बसली. प्राचार्य म्हणाले, एखादं प्राचीन धान्य आणू.
प्राचीन. शब्द सगळ्यांना आवडला.
कुणी क्विनोआ म्हणालं. मी भाव वाचून दाखवला.
पंखा तेवढा बोलत राहिला.

तेव्हा रेमेतबायने ओल्या कोपराने दार ढकललं :
"प्राचीन कित्याक शोधतास? सड्यार हरीक असा मां.
पण सांगान ठेवतंय, जात लबाड.
नवो खाल्लो तर डोक्यात चढता.
माझो काको एकदा जेवलो
नि रातभर माडाक मेवणो म्हणान मिठी मारून होतो."

तर एक वर्ष मुरलेला हरीक, गोणी दोन,
धाकू झोरे घेऊन आले, वरकस जमिनीवरचा,
घिरटावर भरडलेला, साल काढता काढता
बाईमाणसांचे दंड भरून आलेले.
पैसे मोजले नाहीत. एवढंच म्हणाले,
"गोणी परत व्हयी."

मुलगा त्यांचा जानू, इलेक्ट्रिकल, दुसरं वर्ष.
वॉटर कूलरपाशी पाठ करून उभा होता,
ग्लास केव्हाच भरून वाहत होता.
त्याने ओळख दिली नाही.
मीही ती कुठे लिहिली नाही.

पहिला बुधवार. फळ्यावर खडूने : हरकाचा भात.
"कोंबड्यांचं खाणं!" मागच्या बाकावरून.
सगळ्यात मोठ्याने जानू हसला.
खरकटं : अकरा किलो.
दुसरा बुधवार, सोबत तिसऱ्यांचं सुकं.
तिसऱ्या संपल्या. हरीक उरला.
शिंपल्यांसकट नऊ किलो.
मोनलने मात्र ताट निपटलं,
आणि भात चिखल झालाय हे कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या बुधवारी मागच्या दाराने
कुणीतरी आत आलं. मी बरण्यांमागे साखर तोलत होतो.
"रेमेतबाय, ढवळू नको. हरीक ढवळलो तर रागावता.
आधण खदखदलां काय टाक, झाक, नि विसर."
आवाज ओळखीचा. हसण्यात ऐकलेला.
मग झाकणावर हात ठेवून तो कितीतरी वेळ उभा,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

त्या रात्री दाणा दाणा मोकळा,
सड्यावरच्या गवतासारखा वास,
वर सोलकढीचा गुलाबी ओहोळ.
मागचा बाक जेवला. का जेवला, विचारू नका,
भूक असेल, कढी असेल, पाऊस थांबला असेल.
मोनल रांगेत पुन्हा आली, ताट पुढे केलं :
"अजून."
माझ्या वहीत आवक आहे, जावक आहे, शिल्लक आहे.
अजूनला रकाना नाही.
समासात लिहून ठेवलं.

शनिवारी जानू गावी निघाला, आला,
"एक गोणी द्या, जाताना नेतो."
वही पुढे केली. नेणाऱ्याचं नाव, सही,
पुरवठादाराशी संबंध.
इथे पेन थांबलं. बाहेर एसटीने दोनदा हॉर्न दिला.
मग लिहिलं त्याने, र्‍हस्व-दीर्घ चुकवून,
पण ठळक : मूलगा.
मी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या गोणीचं रेमेतबायने
पायपुसणं केलंय.
ती येणे बाकी आहे.