खाल्ल्या मिठाला

मिशिगनच्या उत्तर टोकाला
बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात.
रेइनोची पिकअप एकोणऐंशीची,
इतकं मीठ खाल्लं, जागणारच होती.
दाराखालचा सांधा पेचकसानं टोकरला
तर पापडासारखा मोडला.

आत वडिलांनी भरलेली लांबी,
लांबीमागे वर्तमानपत्राचा बोळा,
त्यावर हॉकीचा अर्धा निकाल.
म्हणजे त्यांना ठाऊक होतं.
बुजवलं, वरून हिरवा रंग मारला, बोलले नाहीत.
खोकल्याचंही तसंच.

रेइनो ग्राइंडर लावतो.
धड पत्रा लागेपर्यंत कापायचं,
कुठवर, ते आधी कळत नाही;
ठिणग्या उजळल्या की थांबायचं.

चाकाच्या कमानीपर्यंत आलाय.
आइली कॉफी ठेवते,
वाकून त्या भोकातून पलीकडचं अंगण बघते.
"जोडायला
काही उरेल ना?"