गाडीभाडं, साडेतीन शिलिंग

चर्चच्या मागच्या खोलीत, जिथं गायकांचे झगे टांगतात,
तिथं माझं टेबल. पायाशी एक हीटर,
म्हाताऱ्या कुत्र्यासारखा, मनात येईल तेव्हाच ऊब देणारा.
एकोणीस वर्षं मी इथं
कॉसलिंग पार्वाची माणसं उतरवून घेते आहे:
बाप्तिस्मा, लग्न, दफन.
पार्वा म्हणजे धाकटं. ओढ्यापलीकडचं ते मॅग्ना, थोरलं.
थोरल्यात अकरा घरं जास्त. तोरा अकराशेंचा.

अक्षरावरून मी पाद्री ओळखते.
हा संधिवाताचा. हा घाईचा, जेवण निवत असणार.
आणि हा एक, ज्यानं थर्कल हे आडनाव
पाच तऱ्हांनी लिहिलं
आणि पाचही तऱ्हांची माणसं
एकाच य्यू झाडाखाली पुरली.

लोक पत्रं पाठवतात. बहुतेकांना सरदार हवा असतो,
वाट चुकून आमच्या गावात एक रात्र निजलेला का होईना.
मी त्यांना शेतमजूर पाठवते.
एखादा मेंढपाळ. एखादा चाकं करणारा सुतार.
पुन्हा शेतमजूर.
काहीजण आभार मानतात.

मार्चमध्ये मॅनिटोबाहून पत्र आलं.
वर्ना लिंडक्विस्ट, वय एक्याऐंशी, अक्षर थरथरतं:
माझ्या खापरपणजीची आई, हेफ्झिबा थर्कल,
तुमच्याकडची, असं ऐकून आहे.
तिचं पुढं काय झालं?

बाप्तिस्मा सापडला, १७९९. शाईचा डाग,
त्यात हेफ्झिबाचा बाप अर्धा बुडालेला.
लग्न नाही. दफन नाही.
असं माणूस कागदावरून उठून गेलं
की मी गरीबखात्याची वही काढते.
देव एखाद्याला विसरेल, हिशेबनीस विसरत नाही.

फेब्रुवारी, १८२१.
"हेफ्झिबा थर्कल, दिवस भरत आलेले,
हिला हद्दीबाहेर पोचवण्यास गाडी व माणूस, साडेतीन शिलिंग.
माणसास बिअर, चार पेन्स."

बिनलग्नाचं मूल जिथं जन्मेल
तिथल्या गावानं पोसायचं, असा कायदा.
म्हणून गाडी. म्हणून भर थंडीत.
बिअर कशासाठी, ते वहीत नाही.

खाली कारभाऱ्याची सही, लांब शेपटीची.
जोसाया गॅरड.

ही सही मला पाठ आहे.
आमच्या जिन्याच्या वर ती चौकटीत लावलेली आहे,
चर्चच्या घंटेला दहा गिनी दिल्याची पावती.
तिच्यावर बोट फिरवत
मी आमचं आडनाव लिहायला शिकले.

त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

मॅग्नाचं रजिस्टर मागवायला मला तीन आठवडे लागले.
इतके लागत नाहीत.
"मर्सी, हेफ्झिबाची मुलगी. पुलावर जन्म,
दगडाच्या पार्वाकडील बाजूस, असे आमचे म्हणणे.
आई त्याच रात्री."
पुढं क्रियापद नाही. कारकुनाला एवढंच सिद्ध करायचं होतं.

पूल म्हणजे काय, चार पावलं.
मधोमध हद्दीचा दगड. एका अंगाला पी, दुसऱ्या अंगाला एम,
शेवाळानं आता दोन्ही सारखेच.
मी तिथं उभी राहिले, कुठल्या बाजूला, ते
नंतर आठवेना.

उत्तर लिहायला बसले तर
हात आपोआप लिहून गेला, "गावानं पाठवलं."
खोडलं. "त्या काळी तशी रीत होती."
तेही खोडलं, खरं असूनसुद्धा.
शनिवारी टपालात पडलं ते असं:

प्रिय वर्ना,
गाडीचं भाडं ज्याच्या सहीनं गेलं
तो माझ्या खापरपणजोबांचा बाप.
सोबत दोन्ही नोंदींच्या नकला.
हेफ्झिबा कुठं पुरली, ते दोन्ही गावांनी लिहिलेलं नाही.
गाडीवाल्याचं नाव मिळत नाही.
शोधते आहे.
                    डोरीन गॅरड

रविवारी घंटा वाजते, दहा गिनींची.
पुलापर्यंत ऐकू जाते का
हे अजून जाऊन पाहिलेलं नाही.