नळी उलटी करताना

काचेच्या नळ्या काल अडीचशे अंशांवर भाजल्या.
नुसतं उकळून भागत नाही;
जंतू मरतो, त्याची साल विखारी राहते.
बाबा म्हणतात, नासल्या म्हावऱ्याला कढवून काय उपेग.

गुहागरहून आलेली कुपी:
पाठीच्या मणक्यातलं पाणी, दहा थेंब.
नितळ हवं होतं,
हे तांदूळ धुतल्यासारखं.

त्यात मी सोडते
परक्या समुद्रातल्या कुर्लीचं निळं रक्त,
सुकवून भुकटी केलेलं, पुन्हा विरघळवलेलं.
दाभोळच्या खाडीत असली कुर्ली नाही.
फोटो दाखवला तेव्हा बाबा हसले,
"ह्यो कुरला का उलटा टोप?"

सदतीस अंश. एक तास. हलवायचं नाही.
आणि नेमका परशुराम घाटात
रस्त्याचा ब्रेकर सुरू होतो.
टेबलाच्या पायांखाली जुन्या चपलेचं रबर आहे,
तरी मी दोन्ही तळवे टेबलावर ठेवून उभी,
तापल्या अंगावर ठेवावेत तसे.

पंचावन्न मिनिटं. साठ.
शुद्ध पाण्याची नळी आधी: ओघळलं.
मग त्याची.
आई खरवसाचं भांडं कलतं करून बघते
तशी, पण पूर्ण उलटी.

पडत नाही.
जोडीची दुसरीही पडत नाही.

वॉर्डात फोन लावते. तिकडे कुणीतरी पेन शोधतंय.
लेबलवर वय आहे, चार;
नाव डॉक्टरांच्या अक्षरात हरवलं.
नळी अजून उलटीच धरलीय मी,
सरळ करायचं सुचत नाही.